मट सुरू करण्याआधी: लोकेल आणि एन्कोडिंगची तयारी

मट म्हणजे टर्मिनलमध्ये चालणारा ईमेल प्रोग्राम. टर्मिनल यूटीएफ-८ वर (देवनागरीही सामावणारं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) असेल, फॉन्टमध्ये देवनागरी असेल, हे धरून चालतो.

सगळ्यांत आधी बघा ते हे: मट ज्या यंत्रावर चालतो, तिथे लोकेल (भाषा आणि एन्कोडिंग ठरवणारी मांडणी) प्रत्यक्ष तयार केलेलं आहे का? समोरच्या लॅपटॉपवर नव्हे, एसएसएचने (दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याची सोय) जिथे शिरता त्या सर्व्हरवर. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. 'लँग' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नाव लिहिलं की लोकेल आलं, असं नसतं. एसएसएच बहुतेकदा तुमचं 'लँग' सोबत नेतं, त्यामुळे नाव पोचतं, लोकेल पोचत नाही. मग मट 'सी' लोकेलवर, म्हणजे नुसत्या आस्कीवर (फक्त इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं), चालू राहतो. वाचताना फक्त प्रश्नचिन्हं दिसतात, तोवर ठीक. पण त्याच स्थितीत उत्तर लिहिलंत की उद्धृत मजकुरात ती प्रश्नचिन्हंच खरी अक्षरं म्हणून जातात. ती परत फिरवता येत नाहीत.

म्हणून सर्व्हरवर 'लोकेल चारमॅप' चालवा. उत्तर 'यूटीएफ-८' आलं तरच पुढे जा. 'एएनएसआय_एक्स३.४-१९६८' आलं तर ते आस्कीचंच नाव आहे, थांबा. डेबियनवर 'लोकेल.जेन' फाइलमधल्या हव्या त्या ओळीपुढचं हॅशचिन्ह काढा, रूट म्हणून 'लोकेल-जेन' चालवा आणि नव्याने लॉगिन करा. रूटचे अधिकार नसतील तर 'सी.यूटीएफ-८' चालेल, पण तेही 'लोकेल -ए'च्या यादीत आहे ना, ते बघून.

'एलसी_ऑल' रिकामं ठेवा. कुठल्यातरी जुन्या प्रोफाइल फाइलमध्ये ते 'सी' केलेलं असतं, आणि 'लँग' कितीही नीट लिहिलं तरी त्याच्यापुढे चालत नाही. बदल केलात? पुन्हा 'लोकेल चारमॅप'. टीमक्समध्ये (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्राम) शिरलात? आतूनही एकदा. टीमक्स '-यू' लावून सुरू करा.

मटआरसीत (मटच्या सेटिंग्जची फाइल) 'चारसेट', म्हणजे एन्कोडिंगचं नाव, लिहू नका. मट ते लोकेलवरून स्वतः घेतो; हाताने लिहिलंत तर मूळ बिघाड झाकला जातो आणि पडदा तरीही विस्कटतो. 'सेंड_चारसेट' आहे तसं राहू द्या: आधी आस्की, मग आयएसओ-८८५९-१ (पश्चिम युरोपीय अक्षरांसाठी), शेवटी यूटीएफ-८, यांत मजकूर बसेल तो पहिला पर्याय मट निवडतो. चारसेट न सांगणाऱ्या जुन्या पत्रांसाठी 'अझ्यूम्ड_चारसेट'. चुकीचं चारसेट सांगणाऱ्यांसाठी पत्र उघडून कंट्रोल-ई, तेवढ्यापुरतं.

चाचणीचं पत्र पाठवा, विषय लांब हवा. विषयातला एन्कोड केलेला एक तुकडा ७५ वर्णांपुढे जाऊ शकत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे बेस६४ मध्ये (बाइट साध्या आस्की अक्षरांत लिहिण्याची पद्धत) तुकड्यागणिक जेमतेम १५ चिन्हं, मात्रा धरून. जोडावर काही तुटलं तर इथेच कळेल. शीर्षकांत 'अननोन-८बिट' दिसलं तर लोकेल अजून नाही. वर जा.

संपादक यूटीएफ-८. सहीची फाइलही यूटीएफ-८, बीओएम (फाइलच्या सुरुवातीचं अदृश्य खूणचिन्ह) नको. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) पत्रं जात असतील तर तिथे तुमचं 'लँग' नसतं. ते क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) लिहा आणि तिथूनही 'लोकेल चारमॅप' चालवून बघा.