मेफ्लॉवरच्या हाउलंडपर्यंत वंशावळ कशी पोचवावी

माझी चौतीस वर्षांची नोकरी जमिनीच्या दप्तरात गेली. सातबारा, फेरफार, वारस नोंद, भावकीचे तंटे. निवृत्तीनंतर बोस्टनजवळ मुलाकडे गेलो, तर विहीणबाई जेवताना सहज म्हणाल्या, "आम्ही मेफ्लॉवरवाल्या जॉन हाउलंडचे वंशज." माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कागद आहे का?" त्या हसल्या. सूनबाई उठली आणि लॅपटॉप घेऊन आली. त्या हिवाळ्यात शिकलो ते सांगतो.

हा जॉन इंग्लंडमधल्या फेनस्टंटनचा. 1620 साली इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेत नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजावर तो चढला, वसाहतीचा पहिला गव्हर्नर झालेल्या जॉन कार्व्हरचा नोकर म्हणून. वादळात समुद्रात पडला, लोंबत असलेला शिडाचा दोर हाताला लागला म्हणून वाचला. त्याला दहा मुलं झाली आणि दहाही जगली. फ्रँकलिन रूझवेल्ट, दोन्ही बुश आणि नट हम्फ्री बोगार्ट हे सगळे त्याच्याच वंशातले.

आता पहिला नियम. जॉनपासून खाली येऊ नका, स्वतःपासून वर चढा. वरून आलात की वाटेत सोयीचा माणूस दिसला की तो आपला वाटायला लागतो. पायरी म्हणजे माणूस नव्हे, दोन माणसांमधला सांधा. 'हा अमक्याचा मुलगा' असं सांगणारा कागद हातात आला तरच वर पाय ठेवायचा.

आडनावावर तर अजिबात जाऊ नका. जॉनचे भाऊ आर्थर आणि हेन्री मागाहून आले, मेफ्लॉवरवर नव्हते. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड बंदराचे, देवमाशांच्या शिकारीवर गबर झालेले हाउलंड बहुतेक हेन्रीचे. उलट खरे वारस गोरहॅम, चिपमन, ब्राउन अशा आडनावांखाली लपलेले असतात, कारण ते मुलींकडून आले.

वर चढताना 1850 पर्यंतची वाट सोपी आहे. त्या वर्षीपासून अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव येतं, 1880 पासून कुटुंबप्रमुखाशी नातंही. 1790 ते 1840 मध्ये मात्र फक्त प्रमुखाचं नाव आणि बाकीची नुसती डोकी. मॅसॅच्युसेट्स राज्याची जन्म-मृत्यू नोंदणी 1841 पासूनची. त्याआधीचं गावच्या दप्तरात बघायचं, गावोगावच्या नोंदी छापलेल्याही आहेत. बरंचसं फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं. तिथे इतरांनी जोडलेले वृक्षही असतात. ते वाटाड्या म्हणून वापरा, साक्षीदार म्हणून नको. आणि अगदी वरपर्यंत एकट्याने जायची गरज नसते. 1897 साली स्थापन झालेल्या मेफ्लॉवर सोसायटीने, म्हणजे त्या प्रवाशांच्या वंशजांच्या संस्थेने, पहिल्या पाच पिढ्या पुराव्यांसह छापल्या आहेत. तिथवर पोचलात की झालं.

माझं मन रमलं ते जॉनच्या मृत्युपत्रात, तारीख 29 मे 1672. मुलींची नावं सासरच्या आडनावांनी दिली आहेत: डिझायर गोरहॅम, होप चिपमन, लिडिया ब्राउन. प्रत्येकीला वीस शिलिंग, जमीन-घर मुलगे आणि बायको यांच्यात. वाचून ओळखीचं वाटलं! पण माहेर-सासर एका ओळीत जोडणारा असा कागद म्हणजे वारस नोंदच. म्हणून आधी मृत्युपत्रं आणि वाटण्या शोधा, मग बाकीचं.

तारखांनी मला एकदा चांगलंच फसवलं. डिझायरचा नवरा कॅप्टन जॉन गोरहॅम 19 डिसेंबर 1675 ला मूळ रहिवाशांविरुद्धच्या दलदलीतल्या लढाईत होता, आणि मृत्यूची नोंद 5 फेब्रुवारी 1675. मेलेला माणूस लढला कसा? मी दोन वेगळे गोरहॅम धरले आणि आठवडा फुकट घालवला. त्या काळी तिथे वर्ष 25 मार्चला बदलायचं, 1752 पर्यंत. म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1676 चा. गुढीपाडव्याला वर्ष बदलणाऱ्या माणसाला हे सुचू नये! तुम्ही 1675/76 असं दोन्ही लिहा. तसंच 'ज्युनियर' म्हणजे मुलगाच असं समजू नका. गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला तसं म्हणत, नातं असो वा नसो.

पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्टही तपासा. जॉनची बायको एलिझाबेथ ही कार्व्हरच्या घराण्यातली, असं हाउलंड मंडळी फार वर्षं मानत आली. वसाहतीचा नंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचं हरवलेलं हस्तलिखित लंडनमध्ये बिशपच्या ग्रंथालयात सापडलं, 1856 साली छापलं गेलं, आणि त्यात स्पष्ट होतं: ती जॉन टिलीची मुलगी. तिचे आईबाप पहिल्याच हिवाळ्यात गेले.

आता आमचं. सूनबाईच्या सातव्या पायरीवर मॅसॅच्युसेट्समधल्या बार्नस्टेबलची एक मर्सी आली, नुसतीच मर्सी, माहेरचं नाव नाही. खरेदीखतं बघू म्हटलं, तर 1827 च्या आगीत त्या कोर्टातली जवळजवळ सगळी जळालेली. वारसा-वाटणीचं दप्तर मात्र वाचलं होतं. त्यात एका गोरहॅमच्या वाटणीत 'मुलगी मर्सी' सापडली, पण नवऱ्याचं नाव नाही. लग्नाच्या नोंदीसाठी गावच्या क्लार्कला पत्र गेलंय. तोवर तक्त्यात मर्सीची चौकट पेन्सिलीने आहे, आणि विहीणबाईंनी तिच्यावर पेन फिरवू नये म्हणून मी तो तक्ता भारतात घेऊन आलोय.