गेटवरची एन्ट्री

बारावीनंतर दोन वर्षं मी काजूच्या कारखान्यात जात होते. चिकाने बोटांची सालं निघायची. मग खेडजवळच्या लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीला गेटवर बाई गार्ड हवी आहे असं कळलं. कामगार बायकांची झडती बाईनेच घ्यायची असते, त्यामुळे अशा जागा निघत राहतात आणि अनुभव नसला तरी घेतात. आईने एवढंच विचारलं, "रात्रीची येणार कशी?" मी तोच प्रश्न इंटरव्ह्यूत विचारला आणि दुसऱ्या पाळीनंतर घरापर्यंत गाडी मिळेल, हे आधी कबूल करून घेतलं. आपल्याकडे रात्री वाडीवर जायला एसटी नसते, तेव्हा लाज न धरता विचारा.

त्याआधी मी आणखी एका एजन्सीत जाऊन आले होते. तिथे म्हणाले, "दोन हजार भर, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आम्ही देतो, उद्यापासून उभी राहा." मी उठून आले. त्यात शहाणपण नव्हतं, तेवढे पैसेच नव्हते. पण बरं झालं. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा कायदा आहे. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे नवख्या गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष, असं किमान 20 दिवसांचं ट्रेनिंग लागतं. वय 18 ते 65, उंची पुरुषांना 160 आणि बायकांना 150 सेंटीमीटर, एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता यायला हवं, आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. एजन्सीला लायसन्स लागतं आणि ते ऑफिसात दिसेल असं लावावं लागतं. भिंतीकडे नजर टाका, नसेल तर विचारा.

ट्रेनिंग टाळू नका, हे मी कळकळीने सांगते. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही, हे मला तिथे कळलं. वायूची गळती झाली की आधी विंड सॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे बघायचं आणि वाऱ्याच्या दिशेशी काटकोन करून बाजूने बाहेर पडायचं. वारा जिकडे वाहतो तिकडे पळालं की वायू आपल्यासोबतच येतो. टँकर आला की ड्रायव्हरचे कागद आणि ट्रेम कार्ड (आत कोणतं केमिकल आहे आणि अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं कार्ड) बघायचं, सायलेन्सरवर स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी, आहे का ते तपासायचं, माचिस आणि मोबाइल जमा करून घ्यायचा. उभं राहणं आठवड्याभरात जमतं. हे सगळं शिकावं लागतं.

आणि रजिस्टर. पहिल्या महिन्यात आमच्याच वाडीतले एक काका पाइपलाइनच्या कामाला आले. घाईत होते. म्हणाले, "अगो, तू माझ्या समोर वाढलीस, माझी कसली एन्ट्री करतेस?" मला मोठ्या माणसाला अडवायचा संकोच वाटला. सोडलं. नेमका त्याच दुपारी मॉक ड्रिलचा, म्हणजे अपघाताच्या सरावाचा भोंगा वाजला. सगळे असेंब्ली पॉइंटवर जमले, डोकी मोजली, तर रजिस्टरपेक्षा एक माणूस जास्त. सुरक्षा अधिकारी माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे आत अडकले असते, तर यांना शोधायला कोणाला पाठवलं असतं?" मला उत्तर देता आलं नाही. रजिस्टरात नाव नव्हतं म्हणजे ते आत आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. रात्री मी जेवले नाही.

तेव्हापासून माझं वाक्य ठरलेलं आहे: "काका, आत काही झालं तर तुम्हाला शोधायला हवं ना, म्हणून नाव लिहा." लोक ऐकतात. आपल्याकडे गेटवरचा निम्मा माणूस ओळखीचा असतो, कोणी मामा, कोणी भावोजी. नवख्या गार्डला चोरापेक्षा ही ओळख जास्त जड जाते. आवाज न चढवता नाव लिहून घ्यायचं. वेळही घड्याळ बघून लिहायची, अंदाजाने नाही. माल बाहेर जाताना गेट पासवरचे नग स्वतः मोजायचे. पास परत येणाऱ्या मालाचा असेल तर तो परत आला का, ते पुढच्या पाळीला सांगून जायचं.

पगाराचं थोडक्यात सांगते. नेमणूक पत्र आणि पगाराची पावती मागा. पीएफचा यूएएन नंबर (पीएफसाठी आपला कायमचा नंबर) घेऊन दर महिन्याला पैसे भरले जातात का ते मोबाइलवर बघा. पगार 21,000 च्या आत असेल आणि एजन्सीला ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू असेल तर त्याचं कार्ड मिळतं, घरच्यांनाही उपचार मिळतात. ड्युटी बारा तासांची म्हणाले तर आठ तासांपुढचे पैसे कसे धरणार, ते रुजू होण्याआधी विचारा.

जूनमध्ये रुजू होणार असाल तर रजिस्टर झाकायला जाड प्लास्टिक आणि दोन साधे बॉलपेन घरून न्या. जेल पेन नको. गेटवर पाऊस आडवा येतो आणि त्या शाईने लिहिलेली नावं पुसली जातात.