पुढचा ब्रेक कोणत्या हातात? देशोदेशीच्या सायकली आणि लिव्हरची अदलाबदल

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि मागचा डाव्या. दांड्यांच्या ब्रेकची जुनी काळी सायकल घ्या किंवा गिअरची नवी, रचना सहसा हीच. मोटरसायकल आणि स्कूटरचा पुढचा ब्रेकही उजव्या मुठीत, त्यामुळे आपल्याकडे वाढलेल्या माणसाच्या उजव्या हाताला ही सवय कोणी न शिकवता लागते. तोच माणूस शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत, जर्मनीत, फ्रान्समध्ये जातो, तिथे जुनी सायकल घेतो आणि दोन्ही लिव्हर उलटे निघतात. कित्येक दिवस ते लक्षातही येत नाही, कारण सावकाश थांबताना आपण दोन्ही लिव्हर सारखेच दाबतो. समोर अचानक कोणी आडवं आलं, की मात्र हात सवयीने चालतो.

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपानमध्ये आपल्यासारखंच: उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा. अमेरिकेत आणि युरोपच्या मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी डावा लिव्हर पुढचा. जिथे वाहनं डावीकडून चालतात तिथे उजवा पुढचा, असा ढोबळ मेळ यात दिसतो. त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण हातवाऱ्याचं आहे. डावीकडून चालताना अवघड वळण उजवीकडचं, समोरची वाहतूक ओलांडून जाण्याचं. त्यासाठी उजवा हात बाहेर काढायचा, म्हणजे हँडलवर उरतो डावा. एका हाताने सायकल सांभाळताना पुढचा ब्रेक जोरात लागला तर तोल जातो, म्हणून त्या हातात मागचा ब्रेक असलेला बरा. उजवीकडून चालणाऱ्या देशांत हेच आरशासारखं उलटं. कारण पटण्यासारखं आहे, पण त्यावर विसंबून ब्रेक ओळखू नका. आयात केलेल्या, हातोहात विकलेल्या आणि कोणीतरी मधेच वायरी बदललेल्या सायकली सगळ्याच देशांत फिरतात.

कायद्याचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये विक्रीच्या नव्या सायकलींना 2010 चे सुरक्षा नियम लागू आहेत आणि त्यांत पुढचा ब्रेक उजव्या हाताला ठरवून दिला आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा नियमांत मागचा उजवीकडे, पुढचा डावीकडे. मात्र ग्राहकाने स्वतः मागणी केली तर उलटं करून देण्याची मुभा आहे. म्हणजे तिथे नवी सायकल घेत असाल तर ऑर्डर देतानाच सांगा. आयएसओ 4210 हे आंतरराष्ट्रीय मानक बाजू ठरवत नाही. ज्या देशात विक्री होणार तिथला कायदा किंवा रिवाज पाळा आणि कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा ते माहितीपुस्तिकेत लिहा, एवढंच ते सांगतं.

आधी ओळखा

सायकलशेजारी उभे राहा, ती हळू पुढे ढकला आणि एकच लिव्हर दाबा. पुढचं चाक जागीच थांबून मागचं उचललं जाऊ लागलं, तर तो पुढचा. मागचा टायर नुसता फरफटला, तर तो मागचा. हँडलपासून वायर हाताने चाचपत जाणं हा दुसरा मार्ग, पण हल्ली अनेक सायकलींच्या वायरी फ्रेमच्या नळीतून जातात, तिथे तो चालत नाही.

जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या शहरी सायकलींवर हँडलला एकच लिव्हर दिसला तर गोंधळू नका. तो बहुधा पुढचा असतो आणि मागचा ब्रेक पायात: पॅडल उलटं दाबलं की लागतो. आपल्याला सिग्नलला उभं राहताना पॅडल मागे फिरवून सोयीचा पाय वर आणायची सवय असते. या सायकलीवर तसं करता येत नाही, आणि चालू सायकलीवर सहज पॅडल मागे नेलं तर ती झटका देऊन थांबते. पाय कुठे हवा ते थांबण्यापूर्वीच, पुढे पॅडल मारताना ठरवा.

हात चुकला तर काय होतं

ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर सरकतं आणि मागचं हलकं होतं. म्हणूनच कोरड्या डांबरी रस्त्यावर एकटा पुढचा ब्रेक एकट्या मागच्याच्या जवळजवळ दुप्पट जोराने थांबवू शकतो. पुढचा समजून मागचा दाबलात, तर चाक घसरतं आणि थांबायला अंतर जास्त लागतं. मागचा समजून पुढचा दाबलात आणि तेव्हा वळणावर खडी, वाळू किंवा ओला रंगीत पट्टा असला, तर पुढचं चाक निसटतं. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण निसटलेलं पुढचं चाक सावरायला वेळच मिळत नाही.

बदलायचं की नाही

चार दिवसांची भाड्याची सायकल असेल तर बदलू नका. पुढच्या लिव्हरवर रबरबँड गुंडाळा, बोटाला तो लागला की आठवण राहते. तीच सायकल वर्षभर चालवणार असाल आणि सुट्टीत गावी आल्यावर स्कूटर किंवा मोटरसायकल चालवत असाल, तर बदलून घेणंच शहाणपणाचं. घरात दोन-तीन जण तीच सायकल वापरत असतील तर ज्यांची संख्या जास्त त्यांच्या सवयीचं ठेवा. दांड्यांच्या ब्रेकच्या वाटेला जाऊ नका: तिथे दांडे आणि कोपरे त्या-त्या बाजूसाठीच बेतलेले असतात.

वायरचा ब्रेक

सरळ हँडल आणि व्ही-ब्रेक (रिमच्या दोन्ही बाजूंना उभे, लांब बाहू असलेला ब्रेक) असेल तर लिव्हर सोडवावेच लागत नाहीत, फक्त वायरी अदलाबदल करायच्या. 5 मिमीची एलन की, केबल कटर आणि वायरच्या टोकाला लावायच्या दोन टोप्या एवढं सामान पुरतं. गिअरच्या वायरींना हात लावू नका.

दोन्ही ब्रेकचे बाहू हाताने एकमेकांकडे दाबा आणि वाकडी धातूची नळी खोबणीतून काढा. वायर सैल झाली. आता लिव्हरजवळची फिरकी आणि तिची चकती अशी फिरवा की दोघांच्या फटी लिव्हरच्या फटीशी एका रेषेत येतील. वायर त्या फटीतून बाहेर ओढा आणि तिचं गोल डोकं लिव्हरमधून काढून घ्या. दुसरीकडे हेच करा, मग वायरी उलट लिव्हरमध्ये बसवा. शेवटी फिरकी अर्धा फेरा फिरवून फटी एकमेकींपासून हलवा. हे विसरलं, तर ऐन वेळी वायर फटीतून बाहेर उडी मारते आणि लिव्हर रिकामा हँडलला टेकतो.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा वायरच्या कव्हरमुळे. लिव्हर ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूने वायर ब्रेकमध्ये शिरत असेल, तर कव्हर मोठा, सैल बाक घेतं आणि वायर मऊ चालते. अदलाबदलीनंतर दोन्ही एकाच बाजूला आले, तर तेच कव्हर अवघडून मुडपतं, लिव्हर जड होतो आणि सोडल्यावर पटकन परत येत नाही. अशा वेळी दोन्ही कव्हरं नवीन, 5 मिमी जाडीची घ्या. लांबी ठरवण्यासाठी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा: कव्हर कुठेच ताणलं जाता कामा नये. आखूड पडलं तर वळताना ब्रेक आपोआप लागतो. कव्हर पकडीने कापू नका, आतलं वेटोळं चेपतं. कटरने कापा, कानशीने टोक सपाट करा, आणि आतल्या प्लॅस्टिकचं तोंड दाभणाने मोकळं करून मग टोपी चढवा.

आतली तार एकदा टोकाला उसवली की पुन्हा कव्हरमध्ये नीट जात नाही, नवीनच घाला. घेताना डोकं पाहा: सरळ हँडलच्या लिव्हरला पिंपासारखं आडवं डोकं लागतं, वाकड्या हँडलच्या रेसिंग सायकलीला छोटं, पेरूसारखं. तार आवळायच्या बोल्टला 6 ते 8 न्यूटन मीटर जोर पुरे. रबर आणि रिम यांच्यात दोन्ही बाजूंना सुमारे 1 मिमी अंतर ठेवा.

वाकड्या हँडलवर गिअर आणि ब्रेक एकाच लिव्हरमध्ये असले तरी ब्रेकच्या वायरी बदलता येतात, गिअर जागच्या जागी राहतात. फक्त हँडलवरची पट्टी उलगडून नवी गुंडाळावी लागते. मात्र लिव्हरच बदलायचे ठरवलंत, तर व्ही-ब्रेकचे लिव्हर कॅलिपर ब्रेकला (रेसिंग सायकलीच्या चिमट्यासारख्या रिम-ब्रेकला) लावू नका: ते वायर जास्त खेचतात पण जोर कमी देतात.

तेलाचा डिस्क ब्रेक

इथे नळी लिव्हरपासून सोडवावी लागते आणि हवा शिरते, म्हणून ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा काढून टाकणं, आलंच. नळीच्या टोकाचं पितळी कडं आणि आतली बारीक पोकळ खीळ दर वेळी नवीन लागते; जुनी वापरली तर तेल पाझरतं. शिमानो आणि टेक्ट्रोमध्ये मिनरल ऑइल, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट नावाचा ब्रेकचा द्रव. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरं फुगून ब्रेक कायमचा जातो. डॉट रंगही खातो, फ्रेमवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. काम सुरू करण्यापूर्वी पॅड काढून ठेवा. त्यांना तेल लागलं तर पुसून उपयोग नसतो, बदलावेच लागतात. ब्लीडिंगचं सामान घरी नसेल तर हे काम दुकानातच द्या.

रस्त्यावर जाण्यापूर्वी

उभ्या सायकलीवर प्रत्येक लिव्हर पूर्ण ताकदीने दहा वेळा दाबा. वायर सरकत असेल तर ती इथेच सरकेल. मग मोकळ्या मैदानात सावकाश चालवून एकेक ब्रेक वेगळा लावून पाहा, वेग हळूहळू वाढवा, आणि पुढचा ब्रेक लावताना कंबर मागे, कोपरं घट्ट ठेवा. ओल्यात पुन्हा सराव करा. क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात रबर जवळजवळ धरतच नाही, तिथे चाकाचे काही फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात.

लिव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने ‘पुढचा’ लिहून ठेवा. सायकल सर्व्हिसिंगला देताना मेकॅनिकला अदलाबदलीचं स्पष्ट सांगा, नाहीतर चूक समजून तो वायरी तिथल्या रिवाजाप्रमाणे परत लावून ठेवील. दुकानातून सायकल घेतल्यावर ढकलून पाहायची चाचणी तिथेच करा, आणि विकताना घेणाऱ्यालाही करायला लावा.