प्रोसेसर बसवताना या चुका टाळा, नाहीतर नवाकोरा बोर्ड जाईल

मदरबोर्ड घेताना लोक रॅमचे स्लॉट बघतात, लाइटी बघतात आणि सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, बघतात सगळ्यात शेवटी. इंटेलची १२वी, १३वी, १४वी जनरेशन एलजीए १७०० मध्ये बसते, १०वी-११वी एलजीए १२०० मध्ये, आणि २०२४ ला आलेल्या कोअर अल्ट्रा २०० वाल्यांना एलजीए १८५१ लागतं. एएमडीचं एएम४ आणि २०२२ पासून एएम५.

पण नुसतं सॉकेटचं नाव जुळलं म्हणून सेकंडहँड बोर्ड उचलू नका. सातवी आणि आठवी जनरेशन दोन्ही एलजीए ११५१ च, तरी आठवीचा प्रोसेसर एच११० किंवा बी२५० चिपसेटच्या (बोर्डावरची मुख्य चिप) जुन्या बोर्डवर अगदी मस्त बसतो आणि डिस्प्ले काही येत नाही. तसंच जुन्या बी४५० बोर्डवर एएमडीचा रायझन ५६०० टाकला आणि बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) जुनाच असला की लोक म्हणतात बोर्ड मेला, मेलेला वगैरे काही नसतो, आधी बायोस अपडेट करायचं असतं.

आता बसवणं. कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाला जुळवा, खाली ठेवा, बास. दाबायचं नाही, सरकवायचं नाही, आपल्या वजनानेच तो बसला पाहिजे. एएम४ ला पिना प्रोसेसरला असतात, इंटेल आणि एएम५ ला बोर्डाच्या सॉकेटमध्ये, आणि त्या इतक्या नाजूक की नुसतं बोट लागलं तरी वाकतात. जोर लागतो तो फक्त इंटेल-एएम५ सॉकेटचा दांडा खाली घेताना, तेव्हा कर्रकर्र आवाजही येतो आणि नेमके तिथेच सगळे घाबरतात! तो आवाज नॉर्मल आहे. दांडा लावताना वरचं काळं झाकण आपोआप उडतं, ते जपून ठेवा, वॉरंटीत बोर्ड द्यायची वेळ आली तर लागतं.

एएम४ वाल्यांनी प्रोसेसरवरचा कूलर काढताना सरळ वर ओढू नका. मधली थर्मल पेस्ट चिकटलेली असते आणि दांडा लॉक असला तरी प्रोसेसर कूलरबरोबर उपटून येतो. थोडा वेळ पीसी चालवून गरम होऊ द्या, मग बंद करून, प्लग काढून, कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा आणि मग उचला. तरीही पिना वाकल्याच तर शिसं काढलेल्या क्लच पेन्सिलच्या टोकाने सरळ करता येतात, सॉकेटमधल्या पिनांना मात्र हात लावू नका, मायक्रोस्कोपवाल्या रिपेअरवाल्याकडेच द्या.

पीसी चालू होतो पण एका बाजूची रॅम दिसत नाही? वाकलेली पिन असू शकते. पण आधी कूलरचे स्क्रू जरा सैल करून बघा, एकाच बाजूने जास्त आवळले तरी हेच होतं.

आणि पंखे फिरतायत, डिस्प्ले नाही, असं असेल तर प्रोसेसर काढायच्याही आधी सॉकेटजवळची आठ पिनांची सीपीयू पॉवरची वायर लावलीय का ते बघा. अर्धे लोक तीच विसरतात आणि प्रोसेसर काढ-घाल करत बसतात.