यंदा किती घोड्या लावायच्या?

सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, म्हणजे घोड्यांचा बाजार, उठली की खानदेशातल्या पागांमध्ये एकच विषय निघतो. आता माघ लागेल, घोड्या माजावर यायला लागतील, यंदा कुठल्या कुठल्या नराला लावायच्या? ज्याचं जनावर यात्रेत बऱ्या भावानं गेलं तो म्हणतो, सगळ्या लावू. ज्याचं जनावर अकलूज, सारंगखेडा, माळेगाव असे तिन्ही बाजार फिरून पुन्हा घरच्या दावणीला आलं तो म्हणतो, एकही नको. दोघांच्याही डोक्यात परवाचा बाजार असतो. परवा जे दोनदाती घोडं विकलं गेलं, त्याची आई मात्र चार वर्षांपूर्वीच्या माघात लावलेली होती.

बोटांवर मोजा. घोडी साधारण 340 दिवस गाभण राहते. यंदा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लावली तर पुढच्या जानेवारीत विते. त्या वर्षाच्या दत्तजयंतीला शिंगरू अकरा महिन्यांचं असतं, नुसते लांबच लांब पाय आणि सुटलेलं पोट. गिऱ्हाईक त्याला पाडूनच मागतं. त्याच्या पुढच्या दत्तजयंतीला तेवीस महिने. मधले दुधाचे दात पडून पक्के दोन येतात ते अडीच वर्षांचं झाल्यावर, म्हणजे दोनदाती म्हणून ते उभं राहतं जन्मानंतरच्या तिसऱ्या दत्तजयंतीला. पैसे तिथं आहेत. आता दरवर्षी दोन शिंगरं झाली आणि दोनदाती झाल्यावरच विकायची ठरवली, तर त्या यात्रेच्या आदल्या दिवशी तुमच्या दारात दोन अकरा महिन्यांची, दोन तेवीस महिन्यांची आणि दोन विक्रीची अशी सहा उभी असतात. आया वेगळ्याच. दोन घोड्या लावल्या म्हणजे सहा तोंडं वाढली, तीन लावल्या म्हणजे नऊ.

लावलेली प्रत्येक घोडी गाभण राहत नाही आणि राहिलेलीचं प्रत्येक शिंगरू जगत नाही, हे खरं. तरी खर्च धरताना सगळी जगतील असं धरा आणि उत्पन्न धरताना एखादं जाईल असं धरा. उलटं करणारे बरेच पाहिलेत.

चाऱ्याचं बघू. जनावराच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा चारा आणि चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, रोज लागते. 300 किलोची घोडी असेल तर सहा ते साडेसात किलो. वाढत्या शिंगरांचं सरासरी पाच किलो धरा. सहा शिंगरांना रोज 30 किलो, फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत साडेतीन टनांच्या वर, आणि पायाखाली तुडवलं जाईल ते वेगळं. कडब्याच्या पेंढ्या मोजून अंदाज करू नका. आमच्या गावची पेंढी आणि नदीपलीकडची पेंढी यांच्या वजनात फार फरक पडतो, दहा पेंढ्या काट्यावर टाका आणि मग भागा. पाणी उन्हाळ्यात मोठ्या जनावराला दिवसाला 30 ते 40 लिटर, पाजत्या घोडीला त्याहून जास्त. विहीर मे महिन्यात किती तास चालते ते तुम्हाला ठाऊक आहे.

यावरून मी घरापुरता एक हिशोब बसवला आहे. मे महिन्यात विकतचा चारा आणि टँकर न घेता किती तोंडं जगतात तो आकडा घ्या. त्यातून मोठ्या घोड्या वजा करा. उरेल त्याला तीननं भागा. दहा तोंडांची सोय असेल आणि चार घोड्या असतील तर उरले सहा, भागिले तीन, म्हणजे दोन. अर्धा-पाव मागं उरला तर सोडून द्या, वरचा आकडा धरू नका. शिंगरू अकरा महिन्यांचंच विकायची तयारी असेल तर भागायचं कारण नाही, पण मग भावाबद्दल कुरकुर करायची नाही.

या आकड्यालाही कात्री लावणारी गोष्ट म्हणजे जागणारी माणसं. घोड्या बहुतेक रात्रीच वितात. सहा वर्षांपूर्वी बाहेरून आणलेला नर दोन आठवडे आमच्याकडे होता. पैसे भरलेच आहेत तर वसूल करू, या अकलेनं मी त्या पंधरवड्यात चार घोड्या लावल्या. पुढच्या संक्रांतीच्या आगेमागे चारही कासेला आल्या, म्हणजे व्यायला टेकल्या. अकरा रात्री मी आणि धाकटा भाऊ आलटूनपालटून जागलो. बाराव्या रात्री दोघांचाही डोळा लागला. पहाटे साडेचारला पागेत गेलो तर थोरली घोडी घामानं निथळत उभी, आणि मागे लाल मखमलीसारखी पिशवी लोंबत होती. शिंगरू आतच गुदमरलं होतं.

ती लाल पिशवी नीट ओळखून ठेवा. सगळं सरळ असलं की पाणमोट फुटल्यावर आधी पांढरट पडदा दिसतो, त्यात दोन खूर, एक जरा मागे, तळवे जमिनीकडे, आणि खुरांवर टेकलेलं नाक. वीस ते तीस मिनिटांत काम उरकतं. पांढऱ्याऐवजी लाल मखमल आधी बाहेर आली, तर जार, म्हणजे वार, वेळेआधी सुटली आहे आणि शिंगराचा श्वास बंद होत चाललाय. त्या वेळी ती पिशवी तिथल्या तिथं कात्रीनं कापायची आणि घोडीच्या कळेबरोबर शिंगरू ओढून घ्यायचं. डॉक्टरांना फोन लागलीच करा, पण त्यांच्यासाठी थांबू नका. त्यांची गाडी गावाबाहेर पडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून दारात जागं माणूस हवं, आणि म्हणूनच घरात जागणारे दोघं असतील तर हंगामात दोन घोड्या, फार तर तीन. त्याही एका माजाच्या म्हणजे 21 दिवसांच्या अंतरानं लावलेल्या बऱ्या. सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट मणी दिसले की एक-दोन रात्रींचा प्रश्न उरतो, पण काही घोड्या मणी न दाखवताच वितात.

व्याल्यावर शिंगरानं तासाभरात उभं राहावं, दोन तासांत चीक प्यावा, आणि घोडीची जार तीन तासांत पडावी. गाईच्या जारेसारखी सकाळपर्यंत वाट बघायची नाही. तीन तास झाले की डॉक्टर, आणि तोवर जार हातानं ओढायची नाही. चीक पहिल्या सहा-आठ तासांत पोटात गेलाच पाहिजे. दिवस उलटल्यावर शिंगराचं आतडं त्यातलं बळ उचलत नाही.

आता कुठल्या दोन? यादी करताना आधी खोडायला लागा. तीन वर्षांच्या आतली खोडा. पंधरा-सोळा वर्षांच्या पुढची, जी गेल्या वर्षी दोन-तीन माज लावूनही राहिली नाही, ती खोडा. मागच्या खेपेला जार अडकलेली किंवा अडलेली घोडी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय यादीत घेऊ नका. मग उरलेल्यांच्या बरगड्यांवर हात फिरवा. तळवा सपाट ठेवून हलकेच फिरवला की बरगड्या हाताला लागाव्यात, लांबून दिसू नयेत. लांबून दिसत असतील तर तिला आधी खाऊ घाला. पोटाशी शिंगरू आहे आणि कंबर बसली आहे, अशी घोडी मालकाला नेहमी जड जाते, कारण सगळ्यात चांगली शिंगरं तीच देते. तिला यंदा रिकामी ठेवा.

दरवर्षी शिंगरू घेण्याच्या हट्टाचं गणितही बघा. 340 दिवस गाभण, म्हणजे वर्षाला वर्ष मिळवायला व्याल्यापासून 25 दिवसांत घोडी राहायला हवी. नवव्या दिवसाच्या आसपास पहिला माज येतो खरा, पण गर्भाशय अजून सावरलेलं नसतं आणि राहण्याचं प्रमाण कमी असतं. जार वेळेत पडली नसेल तर त्या माजाचा विचारही करू नका. पुढचा माज महिन्याभरानं. तो चुकला की 21 दिवस पुढे, तोही चुकला की आणखी 21. जानेवारीत विणारी घोडी अशी दोन-तीन वर्षांत मार्च-एप्रिलवर येऊन ठेपते. तिला एक वर्ष विश्रांती दिली की पुन्हा फेब्रुवारीत लावता येते. चार घोड्यांत दरवर्षी दोन लावायच्या आणि आलटूनपालटून लावायच्या, असं मी करतो ते यासाठी.

नर शिंगराचं आधीच ठरवून ठेवा. वर्षाच्या आसपास त्याला वेगळा बांधावा लागतो, कारण दीड वर्षाची मादी माजावर येते आणि तो नातंगोतं बघत नाही, बहीण असली तरी. एक तर दुसरा गोठा बांधा, नाहीतर खच्ची करा. दोन्ही जमत नसेल तर घोड्या कमी लावा.

धनगर वाड्यांवरचा हिशोब याहून वेगळा. तिथं भीमथडी तट्टू बाजारासाठी नसतं, बिऱ्हाड वाहण्यासाठी असतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून नोंदल्यापासून चौकशी वाढली आहे, आणि चौकशी वाढली की सगळ्या तट्टवाण्या, म्हणजे तट्टू माद्या, लावायचा मोह होतो. ओझं वाहणाऱ्यांपैकी एका वेळी एकच गाभण ठेवा. शेवटच्या तीन महिन्यांत गर्भ भराभर वाढतो, त्या काळात पाठीवर संसार लादून कोकणची वाट चालवली तर घोडी आणि शिंगरू दोन्ही खचतात.

लहान चणीच्या घोडीला मोठा नर लावला तर शिंगरू आत मावणार नाही, अशी भीती बरेच जण घालतात. केंब्रिजमध्ये वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी बुटक्या शेटलंड तट्टवाण्यांना प्रचंड आकाराच्या शायर घोड्यांचं वीर्य कृत्रिम रेतनानं भरून पाहिलं होतं, ते 1938 मध्ये छापून आलं. शिंगरं जन्मताना आईच्या मापाला साजेशी लहानच झाली. तरी अगदी बुटक्या घोड्यांमध्ये विताना अडण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अमेरिकेतल्या 34 इंचांखालच्या मिनिएचर घोड्यांवरून चांगलंच माहीत झालंय. लहान आणि गुबगुबीत घोडीनं शेवटच्या महिन्यांत एक वेळची चंदी जरी सोडली तरी त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. तिच्या अंगची चरबी रक्तात उतरते आणि यकृत बसतं. ‘लठ्ठ झाली आहे, राहू दे उपाशी’ हा सल्ला तिला मारतो.

खाण्यातल्या दोन गोष्टी. गाभण घोडीला हिरव्या कडवळावर चरायला सोडू नका. कोवळ्या ज्वारीतलं विष तर आहेच, शिवाय त्या चराईनं घोड्याचा मूत्राशय लुळा पडतो आणि शिंगरं वाकड्या सांध्यांची जन्मतात. वाळलेला, बुरशी नसलेला कडबा चालतो. दुसरं, गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याच्या तोबऱ्यात कधीच नको. त्यात मोनेन्सिन हे औषध असेल तर थोड्याशानंही घोड्याचं हृदय निकामी होतं. व्यायच्या महिना-दीड महिना आधी धनुर्वाताची लस टोचून घ्या.

नर निवडताना भोवरे, देवमण, पंचकल्याण या अंगावरच्या शुभाशुभ खुणा सगळ्या बघा, गिऱ्हाईक बघतंच. पण त्याआधी नराच्या मालकाकडे ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा कागद मागा. तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी रक्त घेतात, शेवटचा निकाल हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा असतो. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडं ठेवता येत नाही. कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्या दारातून घोडी परत आणा, नर कितीही देखणा असो.

लावल्याची तारीख पागेच्या भिंतीवर लिहा, वहीत नको, वही सापडत नाही. चौदा ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करून घ्या. घोडीला जुळं मानवत नाही, बहुतेक वेळा दोन्ही जातात आणि घोडीही संकटात येते. या दिवसांत दिसलं तर डॉक्टर एक गर्भ दाबून काढू शकतात. पस्तीस दिवस उलटल्यावर गर्भ गेला तर घोडी कित्येक आठवडे नीट माजावर येत नाही आणि हंगाम हातचा जातो. एप्रिलच्या मध्यापर्यंत राहिली नाही तर तिला यंदा सोडून द्या. मेच्या मध्यावर लावलेली घोडी पुढच्या 20 एप्रिलच्या सुमारास, पारा 43 वर असताना विते. तिच्याऐवजी दुसरी लावायची घाई नको. तिच्या शिंगराच्या वाट्याचा कडबा शिल्लक राहील, पाऊस लांबला की जूनमध्ये तो लागतोच.