सीओओ झालात? आधी आपलं काम कोणतं ते ठरवून घ्या

गोव्यात वेर्ण्याला एका कुटुंबाच्या मालकीच्या प्लास्टिक बाटल्यांच्या कारखान्यात मी सीओओ, म्हणजे रोजचं कामकाज बघणारा मुख्य अधिकारी, म्हणून रुजू झालो. व्हिजिटिंग कार्ड पहिल्याच दिवशी हातात पडलं, पण आपलं काम नेमकं काय हे कळायला आठ महिने गेले. दोष माझाच, मी विचारलंच नव्हतं.

कंपनी कायदा २०१३ चं कलम २०३ काढून बघा. एमडी किंवा सीईओ, कंपनी सेक्रेटरी, सीएफओ ही पदं त्यात नावानिशी आहेत, सीओओ नाही. या खुर्चीचा आकार वरचा माणूस ठरवतो. अ‍ॅपलमध्ये टिम कुक २००५ पासून सीओओ होते, त्यांची ओळख पुरवठा साखळीची. २००८ मध्ये फेसबुकच्या सीओओ झालेल्या शेरिल सँडबर्ग यांनी जाहिरातींचा धंदा वाढवला.

आमच्या लाइनवरची बरीच पोरं पेडणे, दोडामार्ग, सावंतवाडीकडची. चवथीला, म्हणजे गणपतीला, ती थांबत नाहीत, थांबवूही नये. म्हणून मी सणाआधी साठा करायचा प्लॅन लावला, एकाच मापाच्या बाटल्या सलग. तिसऱ्या दिवशी पाहतो तर लाइन बंद, साचा उतरवणं चाललेलं.

"सर, भाईंनी सांगितलं. जुन्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आहे."

भाई म्हणजे मालक. कारखाना काढल्यापासून ते असेच खाली येऊन सांगत आलेले. साचा बदलायला पाच तास, परत चढवायला पाच. चवथीनंतर डिस्पॅच नऊ दिवस मागे, आणि फोन सगळे मला.

मग भाईंसमोर एक कागद घेऊन बसलो. किती रुपयांपर्यंतची खरेदी माझ्या सहीने, माणूस घ्यायचा-काढायचा कुणी, ठरलेला प्लॅन मोडायचा अधिकार कुणाला. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. शेवटची ओळ भाईंनी स्वतः लिहिली: जुन्या गिऱ्हाइकांना 'नाही' मीच सांगेन.

आकड्यांची फार धास्ती घेऊ नका, ते येतात. यंत्र वेळेच्या ९० टक्के चालू, वेग ९० टक्के, चांगला माल ९० टक्के: ऐकायला झकास, पण तिन्हींचा गुणाकार केला की खरं उत्पादन ७३ टक्के सुद्धा भरत नाही. एवढं कळलं तरी महिनाभराच्या मीटिंगा निभावतात.

पुढच्या चवथीआधी भाईंचा फोन आला. "साचा बदलला तर किती जातील?"

"दहा तास."

"बरं. मी कळवतो त्यांना."