टाळ मागं पडतो? आधी कान आणि हात तपासा

परभणीकडच्या आमच्या गावात सप्ताह बसला की शेवटच्या ओळीतल्या एका काकांना दरवर्षी ऐकावं लागायचं, "काका, तुमचा टाळ मागं पडायलाय!" काका मान खाली घालून वाजवत राहायचे. कुणाला असं बोलण्याआधी ही तपासणी करा.

दोन मोबाईल घ्या. एकावर मेट्रोनोम ॲप (ठरावीक गतीनं ठोके देणारं) लावा, मिनिटाला ६० ठोके. दुसरा शेजारीच ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा. इअरफोन नको, ठोका रेकॉर्डिंगमध्ये यायला हवा. पहिले दहा ठोके नुसते ऐका. मग पेन्सिलनं टेबलावर ठोक्याबरोबर टकटक करा, मिनिटभर. ठोका ऐकून मग मारायचं नाही, त्याच्यासोबतच पडेल असं मारायचं.

आता रेकॉर्डिंग संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ठोका आणि टकटक यांचे उंचवटे दिसतील, त्यांच्यातलं अंतर मिलिसेकंदांत (सेकंदाच्या हजाराव्या भागांत) मोजा. दोन्ही एकमेकांत मिसळले असतील तर सुरुवातीच्या मोकळ्या ठोक्यांपासून एकेक सेकंद पुढं मोजत जा, ठोक्याची जागा सापडते.

बहुतेकांचा हात ठोक्याच्या थोडा आधीच पडलेला दिसेल, वीस-पन्नास मिलिसेकंद. त्यात चूक काही नाही, वाजवणाऱ्यांमध्ये हे अंतर सहसा कमी असतं. माणसामाणसांत फरक असतोच. १७९६ साली ग्रिनिचच्या वेधशाळेत प्रमुख मॅस्केलिन यांनी किनब्रुक या सहायकाला कामावरून काढलं. घड्याळाची टिकटिक ऐकत, तारा दुर्बिणीतल्या रेषेवरून जाण्याची वेळ टिपताना त्याची नोंद त्यांच्यापेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिराची यायची. हा माणसागणिक फरक आहे, हे बेसेल या खगोलशास्त्रज्ञानं पुढं दाखवून दिलं. किनब्रुकची नोकरी मात्र तोवर गेली होती.

तीन-चार दिवस हीच तपासणी पुन्हा करा. सरासरीपेक्षा मी विखुरलेपणाला जास्त महत्त्व देतो. रोज सारखाच पुढं पडणारा हात सांभाळून घेता येतो, कधी पुढं कधी मागं जाणाऱ्याला रियाज लागतो.

राहिलं बसण्याचं अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे पखवाजापासून १७ मीटरवर बसलेल्याला थाप ५० मिलिसेकंद उशिरा ऐकू येते, आणि त्याचा टाळ पखवाजापर्यंत परत यायला तेवढाच वेळ आणखी लागतो. काका बसायचे दाराशी, सभामंडपाच्या अगदी टोकाला. यंदा त्यांची सतरंजी पखवाजाशेजारी टाकली. पहिल्याच अभंगात टाळ ठेक्यावर बसला, आणि पखवाजवाल्यानं वाजवता वाजवताच काकांकडं पाहून मान डोलावली.